काठापासून काठापर्यंत

आष्टी, ता. परतूर, जि. जालना
३ सप्टेंबर २००६

चि. बेबीनंदा हीस मामाचा आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो की आमच्या शाळेच्या वेबसाइटचं जे पान तू छापून टपालानं पाठवलंस, ते मिळालं, आणि त्यामुळे द्वारकाबाई विद्यालयावर, किंबहुना अवघ्या परतूर तालुक्यावर संकट कोसळलं आहे. पानाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं पांढरं आहे.

मी स्वतः पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं, आणि मधे फोटोत आमचे अध्यक्ष अण्णासाहेब, अंग चोरून, एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसावा तसे. खुद्द अण्णासाहेबांनी कागद उजेडाला धरला, मग माझ्याकडं धरला.

"मास्तर, ही मोकळी जागा कुणाची?"

"कुणाचीच नाही, साहेब."

"मंग आपली का न्हाई?"

ज्या माणसानं पंचवीस वर्षांत गावातली एकही मोकळी जागा मोकळी सोडली नाही, त्याला हा प्रश्न पडणं रास्तच आहे.

डिसेंबरात शाळेचा रौप्यमहोत्सव. त्या दिवशी मंडपात मोठा पडदा लावून तुझ्या वेबसाइटचं उद्घाटन व्हायचंय. १९८१ सालचा, शाळेच्या पहिल्या वर्षाचा तो फोटो तुला माहीतच आहे: खुर्च्यांवर संस्थेचे लोक, मागं उभे आम्ही मास्तर, पुढं खाली मांडी घालून पोरं. तो या काठापासून त्या काठापर्यंत दिसला पाहिजे असा अण्णासाहेबांचा आदेश आहे.

फोन का करत नाही असं विचारू नकोस. शाळेच्या फोनला हेडमास्तरांनी कुलूप घातलंय. आणि परतूरचा कॅफेवाला आलेली ईमेल मोठ्यानं वाचून दाखवतो. अण्णासाहेबांबद्दल तू मागं जे लिहिलं होतंस, ते माझ्या आधी रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. एकानं तर टाळी दिली. पत्रच बरं.

तुझा
धर्मराजमामा


पुणे
११ सप्टेंबर २००६

ती. मामांना नमस्कार.

पाकिटावर 'बेबीनंदा' लिहायचं आधी थांबवा. आमचा वॉचमन मजल्यामजल्यावर ओरडत येतो, "बेबीचं पत्र." ऑफिसात मी नुसती नंदा आहे.

आता संकटाचं. कागदावरचं पांढरं माझ्या प्रिंटरनं सोडलंय, तो काठापर्यंत छापतच नाही. पण हे अण्णासाहेबांना सांगू नका, कारण वेबसाइटवरही पांढरं आहेच. मी एक तयार टेम्प्लेट घेतलंय. त्यात सगळा मजकूर ठरावीक रुंदीच्या एका चौकटीत बसतो आणि ती चौकट पडद्याच्या मधोमध उभी राहते. पडदा जेवढा मोठा, तेवढं दोन्ही बाजूंना मोकळं. होईल ते दुरुस्त. पानावरचा एकेक आडवा पट्टा चौकटीच्या बाहेर काढायचा, त्याचा रंग आणि फोटो काठापर्यंत न्यायचा, अक्षरं मात्र आत जुन्या मापातच ठेवायची. माझे दोन रविवार जातील.

खरी अडचण फोटोची आहे. मी घेतला तो जुन्या स्मरणिकेतला, त्यात माणसं मोहरीएवढी आहेत. मोठी मूळ प्रत हवी. आणि पट्टा असतो रुंद आणि बुटका. फोटो तितका रुंद केला की उंचही होतो, मग तो पट्ट्यात मावत नाही. वरचं तरी जातं, नाहीतर खालचं. वर शाळेची पाटी आणि तुम्ही मास्तर मंडळी, खाली पोरं. काय कापायचं तेवढं कळवा. ठरवा तुम्ही, कापते मी.

मामीला नमस्कार.

नंदा


आष्टी
२४ सप्टेंबर २००६

चि. नुसती नंदा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच पांढऱ्याचा निकाल लागला. अण्णासाहेबांनी कार्यानुभवाच्या सरांची कात्री मागवली आणि कागदाच्या दोन्ही कडा कापून टाकल्या. मग कागद पुन्हा उजेडाला धरला. "बघा. झालं का न्हाई बराबर? अन् ती पुण्याची पोरगी किती दिवसांपून करून राह्यली." तुझ्या शिक्षणाचा खर्च आमच्या ताईनं उगाच केला.

मूळ फोटोच्या प्रती दोनच. अण्णासाहेबांच्या बैठकीतली वाळवीनं खाल्ली. दुसरी झुंबरबाईकडं. ती तुला आठवायची नाही. शाळा बांधताना ती पाट्या वाहायला होती आणि तिचा कचरू पहिल्या तुकडीत, माझ्या वर्गात होता. गुणी होता असं खोटं लिहीत नाही. पाढे म्हणताना माझ्या मिशीकडं बघून हसायचा. पुढच्या वर्षी बाजरीत त्याला साप चावला. गावात जीप एकच, अण्णासाहेबांची, आणि ती प्रचाराला गेलेली. झुंबरबाईकडं पोराचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून तेव्हाच्या हेडमास्तरांनी ऑफिसातली तसबीर उतरवून तिला देऊन टाकली. तेव्हापासून ती तिच्या भिंतीवर आहे. त्या फोटोत पन्नास-साठ माणसं आहेत. तिच्या लेखी एकच आहे.

मी मागायला गेलो. तिनं ऐकून घेतलं.

"कामपुटरात गेल्यावर कुनाकुनाला दिसंल?"

"सगळ्यांना. पार दिल्लीपर्यंत."

"कचऱ्या दिसंल?"

"दिसेल की."

"मंग न्या. पर माझी भित लई दिवस मोकळी ठिवू नका, मास्तर."

तसबीर तिनं स्वतः उतरवली. मग खिळाही हलवून हलवून उपटला आणि माझ्या हातावर ठेवला. "ह्यो बी न्या. नुसता खिळा बघवत न्हाई. अन् तुमाला याद राहील."

तर खिळा माझ्या कोटाच्या खिशात आहे, चौकट माझ्या घरी आहे आणि फोटो ऑफिसात. कुठून कापायचं ते सोमवारी समितीपुढं येईल. मी सांगणार आहे, वरचं कापा. वर मी उभा आहे, आणि ती मिशी दिल्लीपर्यंत जावी अशी माझी इच्छा नाही.

तुझा
मामा


पुणे
९ ऑक्टोबर २००६

ती. मामा,

पार्सल आलं. पुठ्ठ्याच्या नळीतून फोटो काढून टेबलावर पसरला तर खालची रांगच नाही. कात्रीनं कापलीय, तीही वाकडी. पोरांच्या टोप्यांची टोकं तेवढी खालच्या काठाला राहिलीत, अण्णासाहेबांच्या गुडघ्यांपाशी. सोबत ही चिठ्ठी. अक्षर कारकुनाचं, सही अण्णासाहेबांची. तशीच उतरवते:

"आपल्या पत्रातील मागणीनुसार फोटो कापण्याचा विषय समितीने चर्चेस घेतला. श्री. धर्मराज मास्तर यांनी मांडलेल्या सूचनेप्रमाणे खालील रांग वगळण्याचे एकमताने ठरले. आपणास तसदी नको म्हणून काम येथेच उरकून पाठवीत आहोत. तळाशी काही पांढरे ठिपके राहून गेले आहेत, ते आपल्या यंत्राने पुसून घ्यावेत."

मामा, 'कापते मी' म्हणजे कॉम्प्युटरवर. मूळ फोटोला कुणी हात लावत नसतं. हे मी लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. पण 'मास्तर यांनी मांडलेली सूचना' हे काय आहे? तुम्ही वरचं कापायला सांगणार होतात.

कापलेली पट्टी ताबडतोब पाठवा. मी दोन्ही जोडून घेईन, कळणारसुद्धा नाही.

नंदा


आष्टी
२० ऑक्टोबर २००६

चि. नंदा हीस दिवाळीचा आशीर्वाद.

मामीच्या अनारशांना या खेपेला जाळी पडली, हे विशेष. चकली नेहमीसारखीच, दातांच्या डॉक्टरचं भलं करणारी. तुझ्यासाठी डबा काढून ठेवलाय. विहिरीला पाणी बरं आहे. कापसाला भाव नाही, पण तो कधी होता?

राहिली ती सूचना. बैठकीत तुझ्या पत्रातलं कापण्यापुरतं तेवढं वाचलं गेलं. वरचं की खालचं, यावर सगळे गप्प. वरच्या पाटीवर अण्णासाहेबांच्या आईचं नाव, मधल्या खुर्चीवर खुद्द अण्णासाहेब. कुणाच्या तोंडून काय निघणार? मी म्हटलं, "खाली बसलेल्यांना आजवर कुणी विचारलंय का? द्या काढून. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

हे मी अण्णासाहेबांना उद्देशून बोललो होतो. टोमणा होता. चांगला बसला असं मला वाटलं. सगळे हसले, अण्णासाहेब सगळ्यांत जास्त. डोळे पुसत म्हणाले, "मास्तर बराबर बोलून राह्यले. लिहून घ्या." इतिवृत्तात टोमण्याचा रकाना नसतो. 'सूचक' असा मात्र असतो.

मी काही बोलणार तोवर चहा आला. चहा संपेपर्यंत कात्री आली.

पट्टी आमच्या संपत शिपायानं झाडलोट करताना कुठं टाकली ते त्याला आठवत नाही म्हणतो. सापडेल. तू पान तयार कर. झुंबरबाईला इतक्यात काही सांगायची गरज नाही. तिला अलीकडं कमीच दिसतं.

मामा


पुणे
६ नोव्हेंबर २००६

ती. मामा,

"तिला अलीकडं कमीच दिसतं." हे वाक्य तुम्ही लिहिलंत, पाकिटाला डिंक लावलात आणि पेटीत टाकलंत. अनारशांच्या जाळीखालोखाल.

स्मरणिकेतल्या बारक्या फोटोतून कचरूला मोठा करायला गेले. खालच्या रांगेत पोरंच पोरं, काही टोपीवाली, त्यातला कोणता हेच मला ठाऊक नाही. म्हणून एकेकाला मोठं केलं. काठापासून काठापर्यंत आणलं की एकाचंही तोंड राहत नाही, काळे-करडे चौकोन होतात, फरशीसारखे. चेहरे त्या पट्टीवरच होते, मामा. दुसरीकडं कुठंच नाहीत.

वेबसाइट झाली. सगळे पट्टे पूर्ण रुंदीत आहेत, पांढरं कुठं नाही. अण्णासाहेब या कडेपासून त्या कडेपर्यंत आहेत, गुडघ्यापासून वर. 'पांढरे ठिपके' मी पुसलेले नाहीत. पुसणारही नाही, त्यांना सांगा यंत्राला जमत नाही.

तुम्ही झुंबरबाईंकडं जाऊन स्वतः सांगा. आणि पट्टी सापडेपर्यंत त्यांना कार्यक्रमाला बोलावू नका. एवढं तरी कराल ना?

नंदा


आष्टी
१८ डिसेंबर २००६

चि. नंदा हीस आशीर्वाद.

रौप्यमहोत्सव थाटात पार पडला. थाटात म्हणजे पाहुणे तीन तास उशिरा आले आणि पोरं तीन तास उन्हात बसली. जालन्याहून मोठा पडदा आणला होता. सत्काराच्या यादीत मीही निघालो. 'संकेतस्थळाच्या निर्मितीतील मौलिक सूचनेबद्दल' शाल, नारळ आणि सन्मानपत्र. मी घेतलं. फोटोही काढला गेला.

तू सांगितलं होतंस तसं मी झुंबरबाईला बोलावलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. गावात रिक्षा फिरत होती, 'जुने विद्यार्थी व पालक यांनी अगत्य येण्याचे करावे'. ती पालक म्हणून आली. नवं लुगडं नेसून आली. बायकांच्या खुर्च्या भरलेल्या, तेव्हा पुढं सतरंजीवर बसली, पडद्याच्या अगदी जवळ. तिला कमी दिसतं ना.

पाहुण्यांनी बटण दाबलं. पडदाभर अण्णासाहेब आले. तुझं काम चोख आहे, कुठं पांढरं नव्हतं. टाळ्या थांबल्या तशी ती उठली.

"पोरं कुठं हाईत?"

कुणीतरी मागून म्हणालं, "ओ आज्जी, बसा, दिसू द्या."

"खाली पोरं बसलेली हाईत ना ह्यात. कुठं हाईत?"

अण्णासाहेब माईकवर होते. मूड चांगला होता. म्हणाले, "झुंबरबाई, पोरं खालीच असत्यात. खाली घ्या हो सर, आज्जीला खाली दाखवा."

मंडप हसला. संगणकाचे सर पान खाली सरकवू लागले. संस्थेचा इतिहास आला. ती वाकून बघत होती. अध्यक्षांचं मनोगत आलं. प्रवेशाचे नियम आले. "अजून खाली?" सरांनी विचारलं, ते माईकजवळच होते. "अजून घ्या," अण्णासाहेब. शाळेची वेळ आली, तुझं नाव बारीक अक्षरात आलं, आणि पान संपलं. सरांनी तरी दोनदा खटखट केलं. आता लोक मोठ्यानं हसत होते. ती पडद्याच्या खालच्या कापडाकडं बघत होती, तिथंही काही असेल म्हणून.

सरांनी पान पुन्हा वर नेलं. आणि तिनं जाऊन पडद्यालाच हात लावला. अण्णासाहेबांच्या गुडघ्यापाशी, तळाला, ते पांढरे ठिपके. त्यातल्या एकावर बोट ठेवलं.

"ही त्याची टोपी. तिरपी घालायचा."

मग तिनं मागं वळून मंडपात बघितलं. कुणाला शोधत होती ते तुला सांगायला नको. मी दुसऱ्या रांगेत होतो, मांडीवर नारळ घेऊन. मी नारळाकडं बघत राहिलो. संपत आला आणि तिला दंडाला धरून खाली बसवलं.

अण्णासाहेबांनी नंतर निरोप दिलाय: ते ठिपके पुसून टाकावेत, लोक बोटं दाखवतात.

मामा


पुणे
२६ डिसेंबर २००६

मामा,

ठिपके राहतील.

पट्टी सापडल्याशिवाय मला पत्र लिहू नका.

नंदा


आष्टी
१७ जानेवारी २००७

चि. बेबीनंदा,

पट्टी सापडली.

शाळेच्या संगणक कक्षात नव्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. टेबल डुगायचं. संपतनं बैठकीच्या दिवशीच पट्टीची चौघडी करून त्या पायाखाली घातली होती. त्याला आठवत होतं. मी त्याला शाल देऊ केली तेव्हा त्यानं सांगितलं. वर म्हणाला, "मास्तर, तुमचंच म्हननं व्हतं का न्हाई, त्यांला कळायचं बी न्हाई? मंग म्या म्हन्लं, ऱ्हाऊ दे खाली." आणि हसला. हे वाक्य आता गावात चालतं. सोसायटीत चालतं, सलूनमध्ये चालतं. माझं कुठलंच वाक्य आजवर इतकं चाललं नव्हतं.

टेबल उचलून मी पट्टी काढली. त्या जागी माझं सन्मानपत्र घातलं. कागद जाड आहे, दोन घड्यांतच पुरला. टेबल डुगत नाही.

पट्टीवर घड्यांच्या तीन रेघा आहेत आणि टेबलाच्या पायाचा गोल ठसा. ठसा कचरूच्या पोटावर आलाय. चेहरा वाचलाय. टोपी तेवढी नाही, कपाळाच्या वर कात्री गेली आहे.

पट्टी तुला पाठवणार होतो. पोस्टापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तू जोडशील ते पडद्यावर, आणि तिची भिंत सप्टेंबरपासून मोकळी आहे. पट्टी मी ओल्या कापडानं पुसली, रात्रभर शब्दकोशाखाली दाबून ठेवली, आणि चौकट घेऊन सकाळी तिच्याकडं गेलो.

तिनं पट्टी हातात घेतली. डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. घड्यांवरून बोट फिरवलं, ठशावरून फिरवलं. पोरांच्या मागं खुर्च्यांचे पाय, धोतरं आणि अण्णासाहेबांचे बूट दिसतात. ते बघून म्हणाली, "हे मानूस हितं बी आलं का?"

मग म्हणाली, "मास्तर, त्या दिशी तुमी कायतरी बोल्ला व्हता म्हनं. समदं गाव हसून राह्यलंय. मला कुनी सांगंना. तुमी सांगा. मी बी हसते."

मी सांगितलं. एक शब्द न बदलता सांगितलं. टोमणा होता, अण्णासाहेबांना होता, हे सांगावंसं फार वाटलं. पण त्या खोलीत अण्णासाहेब नव्हते, मग टोमणा कसा म्हणणार? नुसतं वाक्य उरलं होतं.

ती हसली नाही. पट्टीकडंच बघत म्हणाली,

"कळलं की, मास्तर."

पट्टी मी चौकटीत घातली. रुंदीला बरोबर बसली. या काठापासून त्या काठापर्यंत, बाजूला काही मोकळं नाही. वर मात्र सगळी चौकट रिकामी आहे. मागं तिनं घरातला कागद लावायला दिला, निळा.

खिळा कोटाच्या खिशात होता. भिंतीत जुनं भोक तसंच होतं. ठोकला, तसबीर टांगली आणि आलो.

मामा